दुसरी गाडी आणि ॲव्हरेजचा हिशेब
(चाकांचा जमाखर्च : लेखांक ६)

‘सेकंड गाडी बघायची आहे,’ असं मी एका एजंटला फोनवर म्हटलं. त्याचा पहिला प्रश्न आला, ‘कुठल्या सालच्या पासिंगची?’ मला म्हणायचं होतं घरातली दुसरी गाडी, त्याने ऐकलं वापरलेली गाडी. तेव्हा मी त्याला दुरुस्त केलं. हा भाग लिहायला आकडेमोड केल्यावर लक्षात आलं, की त्याचंच ऐकायला हवं होतं.

गेल्या भागात आपण मोठ्या गाडीचा महिन्याचा खर्च मांडला होता. त्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एका वाचकांचं पत्र आलं. त्यांची पेट्रोल एसयूव्ही, ऑटोमॅटिक. वडगाव ते हिंजवडीचा तिसरा टप्पा, जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर. ॲव्हरेज १०. ते लिहितात, ‘एसयूव्ही शनिवार-रविवारला ठेवतो आणि रोजच्यासाठी जास्त ॲव्हरेजची छोटी गाडी घेतो. वाचलेल्या पेट्रोलमध्ये ती फुकटात पडेल ना?’

हा ‘फुकटात पडेल ना’ प्रश्न मला अर्ध्या पुण्याने विचारलेला आहे. तेव्हा आज तोच घेऊ.

सुरुवात ॲव्हरेजच्या आकड्यापासून. शोरूममध्ये जो सांगतात तो आकडा बहुतेक वेळा आपल्याच वेताळ टेकडीवरून आलेला असतो, म्हणजे एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या प्रयोगशाळेतून. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाकं रोलरवर फिरतात आणि चालक पडद्यावरच्या ठरलेल्या आलेखानुसार वेग कमी-जास्त करतो. चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांचीही नाही. कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. यात खोटेपणा काही नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा लावायची तर ती अशीच घ्यावी लागते. दोन गाड्यांत डावं-उजवं करायला तो आकडा चांगला, आपलं महिन्याचं बजेट बांधायला मात्र निरुपयोगी.

कारण त्या आलेखात हिंजवडीच्या वाटेवरचा भूमकर चौक नाही. तुम्ही सकाळी तिथे उभे असता तेव्हा गाडी शून्य किलोमीटर जाते आणि पेट्रोल पीत राहते. लहान इंजिन एसी लावून उभं असलं तर तासाला साधारण पाऊण लिटर धरा. समजा, चालत्या रस्त्यावर तुमची छोटी गाडी २० देते. ५० किलोमीटरला अडीच लिटर झाले. जाता-येता मिळून तासभर गाडी नुसती उभी राहिली की त्यात पाऊण लिटर मिळवा. सव्वातीन लिटरमध्ये ५० किलोमीटर, म्हणजे ॲव्हरेज साडेपंधरा. कागदावर २४-२५ असलेली गाडी रोजच्या वाटेवर १६ देते ती अशी. गाडीत बिघाड नसतो, मेकॅनिककडे नेऊन उपयोग नसतो.

वजनाचाही मुद्दा आहे. ट्रॅफिकमध्ये दर दोनशे मीटरला आपण गाडीला वेग देतो आणि लगेच ब्रेक दाबून तो वेग उष्णतेत घालवतो. जड गाडीला वेग द्यायला जास्त इंधन लागतं आणि प्रत्येक ब्रेकला जास्त वाया जातं. म्हणून एक्स्प्रेस वेवर बरी वागणारी एसयूव्ही वाकडमध्ये रडवते. शहराच्या गाडीत मी सर्वांत आधी वजन बघतो.

आता सीएनजी. जाहिरातीत वॅगनआरचा सीएनजीवरचा आकडा ३४.०५ आणि त्याच इंजिनाचा पेट्रोलवरचा २४.३५. लोकांना वाटतं, गॅसवर इंजिन जादू करतं. जादू वजनकाट्यात आहे. पेट्रोल आपण लिटरने घेतो, गॅस किलोने. एक किलो सीएनजीत साधारण १.४ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. ३४.०५ ला १.४ ने भागा, २४.३ येतात. म्हणजे इंजिन तेच, भूकही तीच. फायदा फक्त दराचा आहे. उद्या किलोचा दर लिटरच्या दीडपट झाला तर तो फायदा संपला.

शिवाय त्या फायद्याची किंमत रांगेत मोजावी लागते. आमच्या घरच्या सीएनजी गाडीचा शिरस्ता सांगतो. पहाटे साडेपाचला पंपावर जायचं. तेव्हाही पुढे अकरा रिक्षा आणि चार टॅक्सी असतात. नंबर आला की गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, झोपलेल्या पोरालासुद्धा उचलून घ्यायचं. पंपावरचा मुलगा टोपण काढून नोझल बसवतो, मीटर पळायला लागतो आणि सहा-साडेसहा किलोवर रेंगाळतो. आपण टाकीकडे बघतो, तो आपल्याकडे. ‘आज प्रेशर नाही साहेब.’ सिलिंडर ६० लिटरचा असला तरी आत किती गॅस जाणार हे त्या दिवशीच्या प्रेशरवर ठरतं. सहा किलो म्हणजे रोजच्या ५० किलोमीटरला जेमतेम अडीच दिवस. आठवड्यातून दोनदा ही वारी करायची तयारी असेल तरच पुढचं वाचा.

वाचकांच्या वाटेचा हिशेब घालू. वर्षाचे २४० दिवस, रोज ५० किलोमीटर, एकूण १२,००० किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरतो. तुमच्या पंपावरचा दर वेगळा असेल तर तो घाला. एसयूव्ही १० च्या ॲव्हरेजने १,२०० लिटर पिते, १,२४,८०० रुपये. छोटी पेट्रोल गाडी १६ ने ७८,००० रुपयांत भागवते. तीच सीएनजीवर, किलोला २२ धरून, ४९,००० रुपयांत. म्हणजे पेट्रोलवर वर्षाला सुमारे ४७,००० वाचले, सीएनजीवर ७५,०००च्या वर.

विजेच्या गाडीचा आकडा याहून देखणा आहे. भिंतीतल्या प्लगपासून मोजलं आणि युनिटला साडेसहा-सात किलोमीटर धरले, तर वर्षाला १,८०० युनिटं, महिन्याला १५०. इथे बरेच जण बिलावरचा सर्वांत खालचा दर धरतात आणि फसतात. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. घरात २०० युनिटं जळत असतील, तर वरची १५० युनिटं तुम्हाला ३०० च्या पुढच्या महाग टप्प्यात नेतात. म्हणून मी युनिटला १४ रुपये धरतो. तरीही वर्षाचे २५,२०० रुपयेच होतात. गाड्यांसाठी वेगळी जोडणी घेतली तर आणखी कमी. ५० किलोमीटरची वीज १५ अँपिअरच्या साध्या प्लगमधून तीनेक तासांत भरते. टियागो ईव्हीच्या २४ किलोवॉट-तासांच्या बॅटरीला ही धाव काहीच नाही.

अडचण असते ती पार्किंगमध्ये. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत एका सभासदाला स्वतःच्या मीटरवरून वायर खाली आणायची परवानगी मिळायला चौदा महिने लागले. तोवर गाडी बुक करून रद्दही झाली होती. तेव्हा आधी सोसायटीचं लेखी पत्र, मग टोकन.

हायब्रीड ट्रॅफिकमध्ये खरोखर हुशार आहे, उभी असताना इंजिन बंद ठेवते आणि ब्रेकमधून वीज परत मिळवते. पण तिच्या किमतीत दोन छोट्या गाड्या येतात, तेव्हा घरात दुसरी म्हणून तिचा विचार नको. डिझेलही नको. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यातली गाळणी साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावरची सलग धाव लागते. रोज खुरडत चालणाऱ्या गाडीत ती तुंबते.

आता ‘फुकटात’ या शब्दाकडे वळू. नवी सीएनजी छोटी गाडी ऑन-रोड सात लाखांना पडली आणि पाच वर्षांनी पावणेचार लाखांना विकली, असं समजा. दरवर्षी ६५,००० रुपये घसाऱ्यात गेले. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून आणखी २५,००० तरी. झाले ९०,०००. वाचले होते ७५,०००. सात लाखांवरचं व्याज तर मी धरलेलंच नाही. फुकटात पडणं राहिलं बाजूला, गाडी खिशातूनच खाते. एसयूव्ही कमी पळाल्याने तिचा घसारा आणि टायर थोडे वाचतील, पण तिचा विमा भरावाच लागतो. ती दारात उभी राहून पगार घेणाऱ्या नोकरासारखी आहे.

तीच गाडी पाच वर्षांची, पावणेचार लाखांना घेतली आणि चार वर्षांनी सव्वादोनला विकली, तर घसारा वर्षाला ३७,५०० वर येतो. विमा आणि देखभालीचे २४-२५ हजार धरले तरी एकूण खर्च बासष्ट हजारांच्या आसपास राहतो. इथे बचत खर्चाच्या पुढे जाते, तीही थोडीच. व्याज धरलं की बरोबरी. रोजची धाव ५० ऐवजी २० किलोमीटर असेल तर बचत ३०,००० वर येते आणि मग कुठलीच दुसरी गाडी इंधनाच्या जोरावर परवडत नाही. घरात दोघांनाही एकाच वेळी गाडी लागते म्हणून घ्या, शाळेच्या वेळा जमत नाहीत म्हणून घ्या. ॲव्हरेज चांगलं म्हणून दुसरी गाडी घेऊ नका. आणि घ्यायचीच असेल तर एजंटच्या अर्थाने सेकंड घ्या.

वापरलेली घेताना साल बघायचं आणखी एक कारण आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या ऊसपट्ट्याला ते बरंच आहे, पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतंच. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील अशा पेट्रोलसाठी बनलेले नसतात. २०२३च्या एप्रिलनंतरची गाडी बजेटमध्ये बसली तर उत्तम. नाही बसली तर मेकॅनिकला इंधनाचे पाइप आधी दाखवून घ्या.

सीएनजी गाडी असेल तर आरसीवर इंधन म्हणून सीएनजीची नोंद आहे ना, ते स्वतः वाचा. बाहेरून किट बसवून नोंद न केलेली गाडी स्वस्तात मिळते, पण अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा. मालक ‘देतो नंतर’ म्हणाला तर टेस्टचे पैसे किमतीतून कापा.

वाचकांना एक गृहपाठ देतो. आहे त्या गाडीची टाकी नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा. दोन आठवडे नेहमीसारखं ऑफिसला जा. मग त्याच पंपावर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. डॅशबोर्डवरचा आकडा पाहू नका, तो बहुतेकदा खुशामत करतो. हे उत्तर आणि रोजचे किलोमीटर मला कळवा. पुढच्या लेखांकात फॉर्म २९, ३० आणि कर्ज फिटल्यावरचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओच्या खिडकीपाशी भेटू.