चढावरचे दोन सेकंद

मधुमेहाच्या तपासणीला नियमित येणारे एक निवृत्त गुरुजी गेल्या महिन्यात पेढे घेऊन आले. नवी गाडी घेतली होती. पेढा मी घेतला, त्यांना मात्र घेऊ दिला नाही. रिपोर्ट बाजूला ठेवत ते म्हणाले, "डॉक्टर, या गाडीत हिल होल्ड आहे. चढावर गाडी मागे सरकतच नाही. आता धुळ्याला लेकीकडे स्वतः चालवत जायला हरकत नाही ना?"

सेलू, मानवत, पाथरी हा आपला भाग सपाट. इथे गाडी शिकलेल्या माणसावर चढावर गाडी उचलायची वेळ क्वचितच येते. फार तर एखादा उड्डाणपूल किंवा नदीच्या पुलाचा चढ. धुळ्याच्या वाटेवर मात्र कन्नडचा घाट आहे, जुन्या नोंदींतला औट्रम घाट. जाताना तो उतरायचा असतो आणि परतताना चाळीसगावकडून चढायचा. चढता चढता पुढची गाडी थांबली की आपल्यालाही थांबावे लागते. मागे दुसरी गाडी जवळ जवळ चिकटून उभी असते. गिअरच्या गाडीत खरी कसोटी इथे लागते.

कारण साधे आहे. पेडल तीन आणि पाय दोन. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. गाडी उचलायची तर उजवा पाय ब्रेकवरून काढून ॲक्सिलरेटरवर न्यायचा. या मधल्या वेळात गाडीला धरून ठेवणारे काहीच नसते. डोंगराळ भागातील रस्त्यांचा चढ साधारणपणे वीसास एक धरून आखतात, म्हणजे २० मीटर अंतरात १ मीटर उंची. अशा चढावर मोकळी सुटलेली गाडी पहिल्या सेकंदात सुमारे पाव मीटर मागे येते. दोन सेकंद गेले तर अर्धा नव्हे, जवळजवळ एक मीटर. वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट होते. टायरचे घर्षण धरले तर हे अंतर थोडे कमी भरेल, पण इमारतीच्या तळघरातून वर येणाऱ्या दहास एक रॅम्पवर तेच दुप्पट होते. मागे माणूस उभा असेल तर त्याचे पाय दोन गाड्यांत चेंगरायला एवढे अंतर पुरते. मांडीचे हाड मोडले तर चामडीखाली, वरून न दिसता, एक लिटरपेक्षा जास्त रक्त साचू शकते. म्हणून 'हळूच तर सरकली' या म्हणण्यावर डॉक्टर लोक विसंबत नाहीत.

हा त्रास मोटारीइतकाच जुना आहे. ट्रकचा क्लीनर खाली उडी मारून चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळा लावतो, ते याचसाठी. रेल्वेही यातून सुटलेली नाही. कसारा आणि खंडाळ्याच्या घाटात रुळांचा चढ सदतीसास एक इतका आहे. एवढ्या चढालाही गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. ती गाडीला ढकलतात आणि मागेही येऊ देत नाहीत. डांबरी रस्त्याचा घाट त्याहून उभा असतो.

मोटारीसाठी यावर पहिला नामी उपाय अमेरिकेतील स्टुडबेकर कंपनीने १९३६ साली आणला. नाव होते 'हिल होल्डर'. ब्रेकच्या तेलाच्या वाटेवर एक छोटी गोळी बसवलेली असे. गाडी चढावर तिरपी झाली की ती गोळी घरंगळून तेलाची परतीची वाट बंद करी. क्लच दाबलेला असेपर्यंत तेल चाकांपाशी अडकून राही आणि ब्रेक लागलेलाच राही.

आजच्या गाड्यांत गोळीची जागा सेन्सरने घेतली आहे. आपल्याकडे २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्यापुढची पायरी म्हणजे गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा. हिल होल्ड याच यंत्रणेच्या झडपा वापरते, म्हणून ईएससी आलेल्या अनेक स्वस्त गाड्यांतही ते दिसू लागले आहे. गाडी चढावर थांबली आहे हे सेन्सर ओळखतो. तुम्ही ब्रेकवरून पाय उचलता, पण झडपा बंद असल्यामुळे चाकांवरचा दाब तसाच राहतो. क्लच सुटू लागला आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचला की दाब हळूहळू सोडला जातो. तुम्ही काहीच केले नाही तरीही साधारण दोन सेकंदांनी तो सुटतोच.

हा सेन्सर आपल्या शरीरातही आहे. आतल्या कानात दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत मऊ पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे बसलेले असतात. डोके तिरपे झाले की खडे किंचित सरकतात, खालचे केस वाकतात आणि मेंदूला चढ-उतार कळतो. गाडीतल्या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा असाच हलतो. फरक एक आहे. आपला मेंदू कानावर जितका विसंबतो तितकाच डोळ्यांवर. शेजारची बस पुढे सरकली की आपलीच गाडी मागे चालली असे वाटते आणि माणूस दचकून ब्रेकवर उभा राहतो. गाडीचा सेन्सर शेजारच्या बसकडे बघत नाही.

तर गुरुजींना मी म्हणालो, "यंत्र चांगले आहे. तुमची धडधड निम्मी कमी होईल. पण ते फक्त दोन सेकंद देते. त्या दोन सेकंदांत बाकीचे काम तुमच्या पायांनी करायचे आहे. जरा मोजे काढा."

डोळे मिटायला सांगून त्यांच्या पायाचा अंगठा मी हलकेच वर-खाली केला आणि दिशा विचारली. पाचपैकी दोनदाच उत्तर बरोबर आले. मग १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवला. कपाळावर त्यांना तो चांगला जाणवत होता, अंगठ्यावर जवळजवळ नाहीच.

मधुमेह बरीच वर्षे राहिला की नसा झिजतात आणि सर्वांत लांब नसा आधी झिजतात. म्हणून सुरुवात तळपायापासून होते. हळूहळू होत असल्याने ती माणसाच्या ध्यानात येत नाही. दुखत असते तर लवकर आला असता. आता क्लचचा विचार करा. हाफ क्लच कुठे लागतो हे कुणी डोळ्यांनी बघत नाही. ते डाव्या तळव्याला आणि घोट्याला कळते. उजवा पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर, किती जोर पडला आहे, हेही तळवाच सांगतो. तो तळवाच मुका झाला असेल तर दोन सेकंद कधी संपले ते कळत नाही. घाबरून चुकीचे पेडल दाबले जाण्याची भीती वेगळीच.

चाळिशीनंतर लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करताना डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. बहुतेकांना ती सहीपुरती बाब वाटते. डोळ्यांचे बघतात, पायाच्या संवेदनेचे सहसा कुणी विचारत नाही. मधुमेही असाल तर वर्षातून एकदा पाय तपासून घ्या आणि त्या वेळी 'मी गाडी चालवतो' हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी साखर मोजा. ती ९० पेक्षा कमी असेल तर आधी खा, मगच चावी फिरवा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा मोजा. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झापड येते, त्या घेऊन घाट चढू नका.

गाडीबाबतही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हिल होल्ड म्हणजे हँडब्रेक नव्हे. रांग लांब असेल तर हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल करा, पायांना विसावा द्या. हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका, क्लच प्लेट जळते. उचलताना पहिला गिअर टाका, क्लच हळू सोडा, इंजिनाचा आवाज जड झाला की थोडी रेस द्या आणि मग हँडब्रेक सोडा. ही जुनी रीत येत असेल तर यंत्र सोबतीला आहे असे समजा. इंजिन बंद पडले तर आधी ब्रेक दाबा, चावी नंतर. दार उघडे असताना किंवा चढ अगदी हलका असताना काही गाड्यांत ही सोय चालत नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. चढावर उभ्या गाडीच्या मागे कुणी थांबू नये, मुलांना तर मुळीच थांबू देऊ नये. चपलेपेक्षा पट्ट्याची सँडल किंवा बूट बरा.

गुरुजी थोडे खट्टू झाले. मोजे चढवत म्हणाले, "म्हणजे गाडी विकू का?" मी म्हणालो, "विकू नका. गावात आणि सपाटीला दिवसाउजेडी चालवा, पण तीन महिन्यांनी पाय पुन्हा दाखवा. घाट मात्र दुसऱ्याच्या हाती."

परवा त्यांचा फोन आला. धुळ्याहून येताना चाळीसगावला त्यांनी गाडी थांबवली, चहा घेतला आणि चावी जावयांच्या हातात दिली. घाट संपल्यावर कन्नडला पुन्हा स्वतः बसले. "डॉक्टर," ते म्हणाले, "चावी देताना जरा जड गेलं. पण वरपर्यंत खिडकीतून दरी बघत आलो. तीस वर्षांत पहिल्यांदा."