वेल फुलते, पण फळ का धरत नाही?

पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीतल्या मोठ्या कुंडीत हौसेने दुधी किंवा दोडक्याचे बी लावले जाते. महिना-दीड महिन्यात वेल मांडवावर चढते, फुलांनी भरून जाते. फळ मात्र एकही धरत नाही. मग ‘बियाणेच खोटे निघाले’ असे म्हणून वेल उपटली जाते. ही घाई बहुधा चुकीची असते.

भोपळावर्गीय वेलींना नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. सुरुवातीची फुले बहुतेक नर, ती गळणारच. नरफूल बारीक देठावर असते, तर मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे फळ आधीच दिसते. ते वाढण्यासाठी नरफुलातील पराग मादीफुलापर्यंत पोहोचावा लागतो. शेतात हे काम मधमाश्या आणि पतंग करतात. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते फिरकतीलच असे नाही. पराग मिळाला नाही, की इवले फळ पिवळे पडून गळते आणि दोष खताला दिला जातो.

अशा वेळी परागीभवन हाताने करावे. ताजे उमललेले नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागाचा भाग मादीफुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीवर हलकेच फिरवावा. यात वेळ साधणे महत्त्वाचे. काकडी, कारले, घोसाळी, लाल भोपळा यांची फुले सकाळी उमलतात. दुधी, दोडका, पडवळ यांची सायंकाळी. सकाळी पाणी घालताना दुधीची मलूल फुले पाहून हळहळण्यापेक्षा दिवेलागणीला गच्चीवर एक फेरी मारावी.

करटोलीची तऱ्हा निराळी. तिच्या नर आणि मादी वेलीच स्वतंत्र असतात. एकटी वेल कितीही जपली तरी भाजी मिळायची नाही. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या एकाच फुलात दोन्ही भाग असल्याने फुलोऱ्याची फांदी हलवली तरी पुरते.

पाने गर्द हिरवी, मोठी आणि मादीफुले तुरळक असतील, तर नत्र जास्त झाले असे समजून पेंडीचे पाणी किंवा युरिया काही दिवस बंद ठेवावा. दुधीच्या वेलीचा शेंडा खुडल्यास बाजूला फांद्या फुटतात आणि मादीफुले अधिक येतात ती या फांद्यांवरच.

फळ धरले, की फळमाशी टपलेलीच असते. ती कोवळ्या फळात अंडी घालते आणि आत अळी होऊन फळ सडते. त्यामुळे फळ धरताच त्यावर पातळ कापडाची पिशवी सैलसर बांधावी.