लघुउद्योगातील धूळ-संकलन यंत्रणा : बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात

प्रस्तावना : पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रात रासायनिक, वस्त्रोद्योग व पोलाद कारखान्यांबरोबरच लहान अभियांत्रिकी वर्कशॉप्सही आहेत. ग्राइंडिंग-बफिंगची डोळ्यांना दिसणारी धूळ तुलनेने कमी घातक होय. सुमारे ५ मायक्रॉनहून सूक्ष्म कण फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. सिलिकायुक्त धुळीमुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. म्हणूनच शोषण-यंत्रणा धुळीच्या उगमाजवळ असावी, हे तत्त्व कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १४ मध्ये नमूद झाले होते.

मांडणी : हूड, डक्ट, सायक्लोन, बॅग फिल्टर व पंखा असा हवेचा मार्ग असतो. उघड्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर शोषणाचा वेग सुमारे एकदशांशच उरतो. त्यामुळे हूड यंत्रालगतच बसवावे लागते. डक्टमधील वेग सेकंदाला सुमारे २० मीटर नसल्यास जड कण तळाशी साचतात. याकरिता १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीस ताशी सुमारे १,२७० घनमीटर हवा लागते. कापडातून जाणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला २ मीटर धरल्यास सुमारे १०.६ चौरस मीटर गाळणक्षेत्र आवश्यक ठरते.

दक्षता : लाकडाची वा ॲल्युमिनियमची धूळ आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्या एकाच डक्टमध्ये आणल्यास स्फोटाचा धोका संभवतो. किनारपट्टीच्या पावसाळी दमट हवेत पिशव्यांवर धुळीचा थर घट्ट बसतो. म्हणून फिल्टरच्या दोन्ही बाजूंमधील दाबफरकाची नियमित नोंद ठेवावी.

निष्कर्ष : मास्क हा पूरक उपाय होय, कामगाराच्या श्वासाचे खरे रक्षण योग्य जागी बसविलेले हूडच करते.