तसबिरीवरील हात

कृष्णा-पंचगंगेच्या संगमी, नृसिंहवाडीच्या घाटावर सहकुटुंब काढविलेली तसबीर पुढे घराण्याचा दस्तऐवज ठरत असल्याने, ग्राहकाच्या मुद्रेवर छायाचित्रकाराने कितपत हात फिरवावा, हा प्रश्न मला निव्वळ कारागिरीचा वाटत नाही. पूर्वी काचेच्या निगेटिव्हवर चेहऱ्याची सुरकुती पारदर्शक उमटे. तिच्यावर टोकदार शिसपेन्सिलीने सूक्ष्म ठिपके भरले, की तेथे प्रकाश अडून छापील प्रतीत ती रेषा उजळे व मावळे. या कसबास शास्त्रीय आधारही होता. कारण त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक लेपास तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसल्यामुळे गालावरची लालसर तारुण्यपीटिका प्रत्यक्षाहून कितीतरी काळी उतरे, आणि तिची दुरुस्ती चित्रास सत्याच्या अधिक जवळ नेई. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यास तांबडा रंग नीट दिसतो, तेव्हा ती सबब उरलेली नाही. आठवड्याभरात जाणारा फोड खुशाल पुसावा. परंतु तीळ, देवीचे व्रण, नदीकाठच्या मळ्यात राबलेल्या वृद्धेच्या कपाळावरील आठ्या यांना ज्याच्या त्याच्या संमतीवाचून हात लावण्याची मुभा कोणासही नसावी, आणि सावळा वर्ण परस्पर गोरा करण्याची तर मुळीच नसावी. संगणकावर त्वचा गुळगुळीत करताना शेजारशेजारच्या बिंदूंची सरासरी काढली जाते, त्यात सुरकुतीबरोबर त्वचेची रंध्रेही बुजतात व चेहरा मेणाचा दिसू लागतो.