पहिला झटका येण्याआधी

ग्लासगो आणि पश्चिम स्कॉटलंडचा आसपासचा भाग हृदयविकारासाठी कुप्रसिद्ध होता. तिथल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये ४५ ते ६४ वर्षांच्या पुरुषांची रक्ततपासणी सुरू केली. ८० हजारांहून अधिक जण आले, त्यांतून ६,५९५ निवडले गेले. त्यांचं कोलेस्टेरॉल सरासरी २७२ होतं, पण हृदयविकाराचा झटका एकालाही येऊन गेलेला नव्हता. निम्म्यांना रोज प्रॅव्हास्टॅटिनची ४० मिलिग्रॅमची गोळी दिली गेली आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी.

धडधाकट माणसाला रोजचं औषध देणं धाडसाचंच होतं. क्लोफायब्रेट या आधीच्या औषधाने कोलेस्टेरॉल उतरलं, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले, हे १९७८ मध्ये दिसलं होतं. त्यामुळे रक्तातला आकडा खाली आला एवढ्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

१९९५ मध्ये निकाल आला. पाचेक वर्षांत साध्या गोळीच्या गटात २४८ जणांना झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. औषधाच्या गटात १७४ जणांना. इतर कारणांचे मृत्यू वाढले नाहीत. धोका ३१ टक्क्यांनी घटला, असं याचं वर्णन होतं आणि ते बरोबरच आहे. पण शंभर जणांचा हिशेब मांडला, तर साडेसातांऐवजी सव्वापाच जणांवर ही वेळ आली. म्हणजे पाच वर्षांत शंभरांतले दोघे वाचले. माझ्या मते ते दोघे फार मोलाचे आहेत. मात्र गोळी सुरू करणाऱ्याला टक्क्यांसोबत हा हिशेबही ऐकवला पाहिजे.

गोष्ट इथे संपत नाही. प्रयोगानंतर दोन्ही गटांत स्टॅटिन, म्हणजे प्रॅव्हास्टॅटिनच्या वर्गातली औषधं, घेणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. तरीही २० वर्षांनी पाहिलं, तेव्हा मूळच्या औषधाच्या गटात हृदयविकाराचे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी होते. पाच वर्षांच्या गोळ्यांची पुण्याई इतकी टिकली! एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, याचा त्रास साचत जाणारा आहे. ते वर्षानुवर्षं धमनीच्या भिंतीत मुरतं, तिथे थर जमतो, एके दिवशी तो फाटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी बसते. थर जमण्याचा वेग लवकर कमी केला, तर लाभ लांबवर पोचतो.

स्टॅटिनचं मूळ बुरशीत आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन शोधलं. ही औषधं यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात. मग गरज भागवण्यासाठी यकृत रक्तातलं एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेतं.

मग गोळी कुणाला? एलडीएल १९० च्या वर असेल तर फारसा प्रश्न उरत नाही. इतरांच्या बाबतीत वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, घरातला इतिहास हे सगळं एकत्र पाहावं लागतं. आपल्याकडे हा विचार लवकर व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. ५२ देशांच्या एका अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचं आढळलं. इतरत्र तो साधारण ५९ व्या वर्षी येत होता.

अंगदुखीच्या भीतीने अनेक जण गोळी सोडतात. लंडनमध्ये त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं गेलं. स्टॅटिनवर झालेल्या त्रासाच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. खरे दुष्परिणाम नाहीतच असं नाही. क्वचित स्नायूंना इजा होते आणि साखर आधीच काठावर असेल, तर मधुमेहाची शक्यता थोडी वाढते.

आणि लिपिड प्रोफाइल नॉर्मल आलं म्हणून परस्पर गोळी बंद करणारे तर घरोघरी आहेत. तो आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो. ती थांबली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा पूर्वीच्या पातळीवर जातं.