दुर्मिळ ठरवायचं कोणी?

जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांची ओळख पटवायची तर भारतात आजही हर्बर्ट अँड्र्यूज यांच्या दोन खंडांपाशी जावं लागतं. वनखात्यात नोकरी केलेल्या या अभ्यासकाचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतले हे खंड १९२९ आणि १९३५ मध्ये निघाले. सहा पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा काळा भुंगेरा कुणीही ओळखेल. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने त्याला १७७५ मध्येच नाव दिलं. पाल्याखालच्या त्याच्या लहानशा, काळपट भाऊबंदांना मात्र भिंगाखालीच घ्यावं लागतं. डोळ्यावर ताठ केस एक की दोन, पंखांच्या कवचावरच्या रेघा कशा, हे तपासायचं आणि अनेकदा शेवटचा निकाल नराच्या जननेंद्रियाच्या आकारावर लावायचा. इतकं चिकाटीचं काम करणारे थोडे, म्हणून नोंदी थोड्या. आणि थोड्या नोंदींनाच आपण बिनदिक्कत ‘दुर्मिळ’ म्हणत आलो.

ठाणे-कल्याण पट्ट्यात याचा पडताळा आला तो कोळ्यांमुळे. २०२१ मध्ये इथल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचं वर्णन रशियातल्या ‘आर्थ्रोपोडा सिलेक्टा’ या नियतकालिकात छापून आलं आणि २६/११ च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तो ‘आयसियस तुकारामी’ झाला. इमारतींनी वेढलेल्या भागातला जीव तोवर निनावीच होता! एका कोळ्यावरून भुंगेऱ्यांचा निष्कर्ष कसा काढायचा, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय टेकड्या पोखरल्या जात असताना काही प्रजाती खरोखरच संपत आल्या असतील. पण कोणती संपत आली आणि कोणती नुसतीच नजरेआड राहिली, हे सांगायला त्याच जागेच्या पावसाळ्यामागून पावसाळ्याच्या नोंदी हव्यात, आणि शोधूनही काही न मिळाल्याची नोंदही हवी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: आधीच विरळ असलेला जीव मारायचा कशाला, फोटो पुरे नाही का? ओळखीच्या प्रजातीला बहुधा पुरतो. नव्या प्रजातीच्या नावासाठी मात्र २००० पासून प्रमाण नमुना स्पष्टपणे ठरवून देणं बंधनकारक आहे, आणि डोळ्यावरचा तो केस मोबाइलच्या फोटोत सहसा उमटत नाही. म्हणून एकदा घेतलेला नमुना वाया जाता कामा नये. येऊर असो वा मलंगगडाचा पायथा, टाचणीखालच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवंच. आणि तो नमुना घरच्या डबीत न राहता पुढच्या अभ्यासकाला मागता येईल अशा संग्रहालयात पोचायला हवा.