आमसुली कीं वांगी?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची नात पुण्याहून भंडाऱ्यास आली, ती एक वाद बरोबर घेऊनच आली. तिचें लग्न ठरलें असून शालू घ्यावयाचा आहे. हल्लीं शहरांत कोणाला कोणते रंग शोभतील हें सांगणारे जाणकार निघाले आहेत. त्यांपैकीं दोघांकडे ती जाऊन आली होती. एकानें सांगितलें कीं, तूं पानगळीच्या ऋतूची. विटकरी, शेवाळी, आमसुली हे तुझे रंग. दुसऱ्यानें सांगितलें, छे, तूं हिंवाळ्याची. वांगी, डाळिंबी, पाचूसारखा हिरवा आणि शुद्ध काळा हे तुझे रंग. शुल्क मात्र दोघांनींहि घेतलें. "आजोबा, आतां तुम्हीच निवाडा करा," असें म्हणून ती मोकळी झाली.

सारा जन्म मुलांना रूपें आणि संधि शिकविण्यांत गेलेल्या माणसास लुगड्यांतलें काय कळणार, असें वाचकभगिनींना वाटेल. मलाहि तसेंच वाटलें होतें. परंतु एक शब्द दुसऱ्यासारखा दिसला म्हणून तो तोच नव्हे, हें दाखवून देण्याचाच माझा धंदा असल्यामुळें मीं हें काम अंगावर घेतलें.

या विद्येचा इतिहास थोडक्यांत असा. योहानेस इटेन नांवाचे स्विस चित्रकार १९१९ ते १९२३ या काळांत जर्मनींतील बाउहाउस या कलाशाळेंत शिकवीत असत. विद्यार्थ्यांना आपापल्या मनाचे रंगमेळ करावयास सांगितलें, तर प्रत्येकाच्या मेळाचें त्याच्या वर्णाशीं, केसांशीं कांहीं नातें दिसतें, असें त्यांना अध्यापनांत आढळलें. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं तें मांडलें. पुढें १९८० सालीं अमेरिकेंत कॅरोल जॅक्सन या बाईंचें 'कलर मी ब्यूटिफुल' हें पुस्तक निघालें आणि माणसांची चार ऋतूंत वांटणी करण्याची चाल घरोघर पोंचली. नंतर त्या चारांचे बारा झाले. याला सिद्ध शास्त्र म्हणण्याइतका पुरावा नाहीं, हें प्रथमच सांगून ठेवतों. पण पाकशास्त्रालाहि तसा पुरावा नाहीं, म्हणून कोणी जेवावयाचें थांबत नाहीं.

पहिली अडचण नांवांची. त्या लोकांच्या 'ऑटम'ला शरद म्हटलें कीं सगळा घोटाळा होतो. आपला शरद म्हणजे धुतलेलें आकाश, पांढरें काशाचें फूल आणि चांदणें; कालिदासानें ऋतुसंहारांत शरदाला काशाचें वस्त्र नेसलेली नववधू केलें आहे. तिकडचा ऑटम म्हणजे तांबूस, पिवळीं, तपकिरी पानें. तसलें रान आमच्या जिल्ह्यांत पाहावयाचें तर माघ-फाल्गुनांत पाहावें. पळस पेटतो तोहि त्याच वेळीं. तसेंच त्यांच्या 'समर'चे रंग धुक्यांत बुडविल्यासारखे थंड, फिके असतात. वैनगंगेच्या वाळूवर पाय भाजणाऱ्या आम्हां लोकांनीं त्याला ग्रीष्म म्हणावें तरी कसें! म्हणून ऋतु हें केवळ पेटीवरचें नांव समजावें आणि पेटींत काय आहे तें पाहावें.

पेटींत काय आहे हें पाहण्यास अमेरिकन चित्रकार आल्बर्ट मन्सेल यांनीं १९०५ सालीं मांडलेली रीति फार सोयीची आहे. प्रत्येक रंगाला तीन गुण असतात: त्याची जात, म्हणजे तांबडा, निळा, पिवळा इत्यादि, त्याची गडदता, आणि त्याचा कस, म्हणजे तो निर्भेळ आहे कीं राख मिसळल्यासारखा दबलेला आहे. बारा ऋतूंतील जे दोन ऋतु एकमेकांसारखे दिसतात, त्यांत एक गुण समान असतो, आणि डोळा त्याच गुणावर भाळतो. माझ्या नातीचे दोन्ही ऋतु गडद. वाद होता तो जातीचा. आमसुलींत तांबूस-तपकिरी ऊब आहे. वांगींत निळा थंडावा आहे. घडी करून दुकानाच्या फळीवर ठेवले तर दोन्ही 'गडद जांभळट' म्हणून खपतील. विटकरी आणि डाळिंबी यांचेंहि तसेंच. फिक्यांत हाच भेद अबोली आणि गुलाबी यांत, किंवा श्रीखंडी आणि दुधासारखा पांढरा यांत सांपडतो. दबलेल्या रंगांच्या जोडींत तो सर्वांत अवघड. पारवा आणि मेंदी यांच्या मधल्या छटांना तर नांवेंहि धड नाहींत. पण आपल्या बायकांनीं फळांवरून, फुलांवरून आणि स्वयंपाकघरांतून उचललेलीं रंगांचीं हीं नांवें इतकीं नेमकीं आहेत कीं, बारा पेट्या उघडावयास दुसरी किल्ली नको.

हे ऋतु मूळ गोऱ्या लोकांवरून बेतलेले. सुरुवातीच्या पुस्तकांनीं काळे केस आणि काळे डोळे दिसले कीं बहुधा माणसाला हिंवाळ्यांत टाकलें. आमच्याकडे ज्याचे त्याचे केस काळे आणि डोळे काळे. मग निवड ती कोणती राहिली? मनगटाची शीर निळी कीं हिरवी हें पाहून निकाल देणारेहि आहेत. सांवळ्या हातावर ती धड दिसतच नाहीं. तेव्हां एकच उपाय उरतो: कापड गळ्याशीं धरणें आणि चेहरा पाहणें.

चेहरा कां पाहावयाचा, याचें उत्तर एका विणशाळेंतून मिळालें आहे. मिशेल शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ सालीं पॅरिसच्या प्रसिद्ध गोबलें विणशाळेंत रंगखात्याचे प्रमुख झाले. तेथें तक्रार होती कीं, निळ्या-जांभळ्या वस्त्रांची छाया दाखविण्याकरितां विणलेला काळा धागा निस्तेज दिसतो. शेव्रलांनीं तो दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशीं ताडून पाहिला. धाग्यांत खोट नव्हती. खोट होती शेजारांत. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळें काळा मळका भासत होता. १८३९ सालीं त्यांनीं यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि स्त्रियांच्या वर्णाजवळ कोणतें वस्त्र आल्यास काय भासेल याचाहि त्यांत विचार केला. हिरव्याच्या शेजारीं त्वचेंतील लाली वाढल्यासारखी वाटते, हें त्यांतलेंच. म्हणजे कापड बदललें कीं चेहराच बदलल्यासारखा होतो. कापडाकडे पाहत बसणारास हें कधींच दिसणार नाहीं.

आमची परीक्षा पहिल्या दिवशीं फसली. पडवीच्या भिंतीला पोपटी रंग दिलेला आहे. त्याचा उजेड पोरीच्या गालावर पडून जो तो रंग आजारी दिसूं लागला. नातीनें मोबाईलवर छायाचित्रें काढलीं, तीं तर आणखी खोटीं. तें यंत्र आपल्या मनानें पांढऱ्याचा हिशेब बदलतें आणि प्रत्येक चित्रांत त्वचा वेगळी येते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीजवळ बसविलें, मागें पांढरी चादर लावली, केस पांढऱ्या पंच्यानें झांकले आणि तोंड नुसत्या पाण्यानें धुवावयास लावलें.

कापडें शोधतांना सूनबाईनें आपल्या कपाटांतून एक आमसुली सुती साडी दिली. वांगी रंगाचें कांहीं मिळेना. तेव्हां मीं माळ्यावरची ट्रंक काढली.

तींत एक वांगी रंगाचें रेशमी लुगडें होतें. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला पत्नीच्या भावानें तें आणलें होतें. माझ्या आईनें तें हातांत घेऊन परत घडी केली. सांवळीनें गडद नेसूं नये, अधिकच काळी दिसते, हा तिचा ठाम सिद्धांत. त्यानंतर घरांत सुनेसाठीं जें आलें तें मोतिया, बदामी, फिकट अबोली. त्या रंगांत ती दमल्यासारखी दिसे, आणि तिची प्रकृतीच नाजूक आहे असें आम्ही म्हणत असूं. द्रौपदीचें नांव कृष्णा होतें हें मीं वर्गांत दर वर्षीं सांगत असें. घरीं तें सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. पुढें आई गेली, तेव्हां मीं एकदां लुगड्याची गोष्ट काढली. "आतां या वयांत कशाला," इतकेंच ती म्हणाली. तिला जाऊन आतां सहा वर्षें होतील.

आईची चूक कोठें होती, हें मला या वयांत मन्सेलसाहेबांनीं समजावून दिलें. गोरेपणा-सांवळेपणा हा त्वचेच्या गडदतेचा प्रश्न आहे. ऊब कीं थंडावा हा निराळा प्रश्न आहे. गोऱ्या माणसांतहि दोन्ही प्रकार असतात, सांवळ्यांतहि असतात. आईनें एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या प्रश्नाखालीं लिहिलें. आणि गडद त्वचेजवळ गडद रंग नको, हें तर मुळींच खरें नव्हे. फिक्या, दबलेल्या रंगाजवळच कित्येक सांवळे चेहरे मातकट दिसतात.

नातीचा वर्ण हुबेहूब आजीचा. वांगी लुगडें गळ्याशीं धरलें, मग आमसुली. फरक पडला, पण नातीनेंच हरकत घेतली: एक रेशमी, एक सुती, चकाकीमुळें तर फरक पडत नसेल? हरकत बिनतोड होती. एका वेळीं एकच गोष्ट बदलली पाहिजे. शेजारच्या वहिनींकडून आमसुली रेशमी साडी मागून आणली आणि पुन्हां प्रारंभ केला. आमसुली धरतांच डोळ्यांखालीं आणि ओठांच्या कडेला तपकिरी सांवली चढली. साडी आधीं दिसली, मुलगी मागाहून. वांगी धरतांच ती सांवली उतरली, हनुवटीची रेषा स्पष्ट झाली, डोळ्यांचें पांढरें स्वच्छ दिसूं लागलें. विटकरी आणि डाळिंबींत हाच निकाल आला. शेवटीं सूनबाईची संक्रांतीची चंद्रकळा आणि एक गडद कॉफीच्या रंगाची शाल, असा सामना लावला. शुद्ध काळा रंग पानगळीच्या माणसाला सहसा पेलत नाहीं, हिंवाळ्याच्या माणसाला पेलतो. पोरीला तो पेलला. घरोघरच्या पहिल्या संक्रांतीच्या छायाचित्रांत ही परीक्षा आयतीच होऊन गेलेली असते, तीं काढून पाहावीं. वहिनींना कांहीं न सांगतां विचारलें, त्यांनींहि वांगीच निवडला. सूनबाईचें मत मात्र पहिल्या फेरीस विटकरीकडे होतें, हें नमूद केलें पाहिजे. तो रंग तिचा स्वतःचा आवडता आहे.

आतां तेंच लुगडें लग्नांत नेसावयाचें, असें नातीनें ठरविलें. उलगडून पाहतों तों जुन्या रेशमाचें जें व्हावयाचें तें झालेलें: प्रत्येक घडीवर विरलें होतें. काठ तेवढे धड होते. मग आम्ही दोघें तें घेऊन मोहाडी तालुक्यांतील आंधळगांवास गेलों. तेथील कोष्टी मंडळी कोशाचीं, करवतीच्या दांतांसारख्या काठाचीं वस्त्रें पिढ्यान् पिढ्या विणीत आलीं आहेत. माझी इच्छा होती कीं, आपल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या कोशांतच हा रंग धरावा. विणकरानें विरलेला तुकडा उजेडांत फिरवून पाहिला आणि मान हालविली. "कोशावर हा रंग असा खुलत नाही जी, गुरुजी. खालचा मधासारखा रंग वर येते." म्हणजे कोशावर वांगी रंगविलें तर तें आमसुलीकडे झुकणार! जी गोष्ट कळण्यास आम्हांला दोन सकाळी लागल्या, ती त्याला धाग्यावरूनच कळली. पानगळीच्या मुलीला कोसा आपल्या अंगच्या रंगानेंच शोभेल. हिला पांढऱ्या तुतीच्या रेशमावर रंगविलेला धागा पाहिजे.

तसें सांगून आलों आहों. तुकडा नमुन्यासाठीं त्याच्याकडे ठेवला आहे. जुने काठ उसवून नव्या पाटाला जोडतां येतील असें तो म्हणाला, तेव्हां उसविण्याचें काम सूनबाईनें घेतलें आहे. चष्मा लावून दोरे ओढावयास मीं बसावें, असें ठरलें आहे.